तोंड फिरवणारे बाळ: आई-बाळाच्या खेळाचे एक प्रकरण

या प्रकरणातले बाळ मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला जन्माला येऊन 13 आठवडे झाले होते. त्याचा जन्म गर्भारपणाच्या 33व्या आठवड्यात झाला होता आणि पहिले 19 दिवस ते नवजात अतिदक्षता विभागात होते. त्या दिवसांत आईला त्याला ठरावीक वेळीच हात लावता येत असे. घरी आल्यानंतर वजन नीट वाढत होते, दूध पिणे सुरळीत होते, श्रवणचाचणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालेली होती व दोन्हींत कोणताही दोष आढळला नव्हता. बालरोगतज्ज्ञांनी शिशुविकास समुपदेशक म्हणून माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीत एकच ओळ लिहिली होती: ‘आईच्या म्हणण्यानुसार बाळ नजर देत नाही.’ कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत. आई आणि बाळ यांच्यात जे घडले, त्यात मात्र बदल केलेला नाही.

आईने तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगितली. “मी समोर गेले की हा तोंड फिरवतो. आईंच्या मांडीवर असला की त्यांच्याकडे टकामका बघत पडतो. म्हणजे बघता येतं याला. माझ्याकडेच बघायचं नसतं.” आई म्हणजे तिच्या सासूबाई, बाळाची आजी. शेवटचे वाक्य ती हसत बोलली, पण ते हसू टिकले नाही.

बाळाशी खेळत नाही असा आरोप तिच्यावर कोणीही करू शकले नसते. दिवसातून चार वेळा, प्रत्येकी वीस मिनिटे, असे वेळापत्रक तिने आखले होते. खुळखुळा, दिवे लागणारे आणि वाजणारे एक खेळणे, टाळ्या, चुटक्या, मोबाइलवरची बाळगाणी अशी सगळी सामग्री तिने जमवली होती. त्या 19 दिवसांची भरपाई करायची आहे, असे ती म्हणाली. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच आईबाळाचे नाते जडते आणि ती वेळ गेली की गेली, असे तिने कुठेतरी वाचले होते. 1970च्या दशकात क्लाउस आणि केनेल या दोन बालरोगतज्ज्ञांनी त्या पहिल्या तासांना फार महत्त्व दिले होते हे खरे. परंतु पुढच्या काळात त्या मांडणीची धार पुष्कळ बोथट करावी लागली, कारण जन्मानंतर दूर राहावे लागलेल्या किंवा दत्तक आलेल्या बाळांचेही नाते घट्ट जुळते हे उघड दिसत होते. मी तिला हे सांगितले. तिने मान डोलावली, पण तिला ते पटले नाही.

वयाचा हिशेब

पहिला उलगडा अगदी साध्या वजाबाकीतून झाला. बाळ सात आठवडे आधी जन्मलेले असल्याने त्याचे सुधारित वय 13 वजा 7, म्हणजे सहा आठवडे होते. वजनाच्या तक्त्यासाठी हे वय धरायचे असते हे आईवडिलांना माहीत होते; हसणे, नजर धरणे, हुंकार देणे यांसाठीही तेच धरायचे, हे त्यांना कोणी स्पष्ट सांगितलेले नव्हते. समोरच्याचा चेहरा पाहून बाळ हसू लागते ते साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास. म्हणजे ज्या हसण्याची आई महिनाभर वाट पाहत होती, त्याच्या उंबरठ्यावर बाळ आत्ता कुठे पोहोचले होते. पूर्ण दिवसांच्या तीन महिन्यांच्या बाळाकडून करावी ती अपेक्षा सहा आठवड्यांच्या बाळाकडून केली जात होती.

मात्र सगळी गोष्ट वयाने उलगडत नव्हती, कारण आजीकडे बाळ खरोखरच बघत होते.

दोन मिनिटांची चित्रफीत

मी आईला नेहमीसारखे खेळायला सांगितले आणि तिच्याच मोबाइलवर त्याची चित्रफीत काढली. नंतर आम्ही दोघींनी तिचा दोन मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून, हळू गतीने पाहिला. बाळ उताणे होते आणि आई वरून वाकली होती. सुरुवातीला बाळ तिच्या कपाळाच्या कडेकडे, केस सुरू होतात त्या रेषेकडे बघते. आई खुळखुळा वाजवते. बाळाचे डोळे मोठे होतात, हात थांबतात. आई आणखी जवळ येते, भुवया उंचावते, बोलते, खुळखुळाही वाजतच राहतो. बाळ डावीकडे मान वळवते. एका सेकंदाच्या आत आईचा चेहरा डावीकडे येतो. बाळ उजवीकडे वळते; खुळखुळा उजवीकडे येतो. बाळाच्या उजव्या हाताची बोटे फाकतात, पंख्यासारखी ताठ होतात. मग जांभई, मग उचकी. त्या दोन मिनिटांत बाळाने सात वेळा तोंड फिरवले आणि सातही वेळा आई त्याच्या नजरेच्या वाटेत जाऊन उभी राहिली. शेवटी बाळाने पाठीची कमान केली आणि ते रडू लागले.

आईने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहताना फाकलेल्या बोटांपाशी तिने स्वतःच तो थांबवला आणि विचारले, “हे तो ‘पुरे’ म्हणतोय का?”

याहून नेमके मला सांगता आले नसते. एवढ्या लहान बाळाला उठून जाता येत नाही, हाताने दूर लोटता येत नाही आणि बोलता तर येतच नाही. त्याच्या हाती एकच गोष्ट असते, ती म्हणजे नजर. ब्रेझल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 मध्ये आईबाळांच्या समोरासमोरच्या खेळाचे बारकाईने निरीक्षण मांडले, तेव्हा त्यांना लक्ष देणे आणि लक्ष काढून घेणे यांची सतत येणारी-जाणारी लाट दिसली. टिफनी फील्ड यांनी 1981 मध्ये त्याच्या मुळाशी असलेली शारीरिक बाजू दाखवली: बाळ नजर वळवते त्याच्या काही क्षण आधी त्याच्या हृदयाचे ठोके वाढलेले असतात आणि नजर वळवल्यावर ते खाली येतात. म्हणजे तोंड फिरवणे ही बाळाची श्वास घेण्याची जागा असते. ती मिळाली की ते पुन्हा समोर बघते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना ही जागा जास्त वेळा लागते, कारण आवाज, उजेड आणि हालचाल एकदम सोसण्याची त्यांची ताकद कमी असते आणि ती लवकर थकतात.

फील्ड यांचाच 1977 मधला एक अभ्यास या घराला जणू मापाने शिवला होता. त्यात मुदतीआधी जन्मलेली बाळेही होती. आईने बाळाचे लक्ष वेधण्याचा खटाटोप वाढवला तेव्हा बाळे तिच्याकडे कमी बघत. आईने केवळ बाळाची नक्कल केली, म्हणजे बाळ करील तेवढेच केले, तेव्हा जास्त बघत. मला स्वतःला ही गोष्ट दर वेळी थोडी अन्यायाची वाटते, कारण ज्या आईला सर्वांत जास्त काळजी असते तीच सर्वांत जास्त खटाटोप करते, आणि त्याचे फळ तिला उलटे मिळते.

आजी काय करत होत्या, हे मी त्यांना विचारले. “मी काही करत नाही,” त्या जरा ओशाळून म्हणाल्या. “गुडघे दुखतात, म्हणून भिंतीला टेकून बसते. तो बघतो, मीही बघते. कंटाळला की पडद्याकडे बघतो. मग येतो परत.” यातली ‘येतो परत’ ही दोन पदे मी माझ्या वहीत उतरवून घेतली.

काय बदलले

पहिल्या आठवड्यासाठी मी सगळी खेळणी कपाटात ठेवायला सांगितली आणि वेळापत्रकही मोडायला सांगितले. खेळाची वेळ घड्याळाने ठरवायची नाही, बाळाच्या स्थितीवरून ठरवायची. पोट भरले आहे, ढेकर निघाला आहे, लंगोट कोरडा आहे, अंग सैल आहे, डोळे उघडे आणि चमकदार आहेत, हातपाय फारसे हलत नाहीत, अशी एक शांत जागेपणाची अवस्था असते. या वयात ती काही मिनिटेच टिकते आणि दिवसातून मोजक्याच वेळा येते. बाळ भुकेले, पेंगुळलेले किंवा किरकिरे असताना त्याला खेळवणे म्हणजे दोघांचेही हाल करणे होय. आईच्या चार सत्रांपैकी दोन नेमकी बाळाच्या झोपेच्या तोंडावर येत होती.

अंतराकडेही लक्ष द्यावे लागले. नवजात बाळाला सर्वांत स्पष्ट दिसते ते साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचे, म्हणजे मांडीवर घेतलेल्या बाळापासून आपला चेहरा जेवढा दूर असतो तेवढे. आई उत्साहाच्या भरात याहून बरीच जवळ जात होती. तिने भिंतीला टेकून, गुडघे उभे करून बसावे, बाळाला मांड्यांच्या उतारावर आपल्याकडे तोंड करून ठेवावे, डोक्याला आधार द्यावा आणि पाठ भिंतीपासून सोडू नये, असे ठरले. पाठ टेकलेली असली की पुढे झुकण्याचा मोह आपोआप आवरतो. ही युक्ती अर्थातच आजींकडून घेतलेली होती.

खेळ म्हणून एकच काम उरले: बाळ जे करील ते, थोडे सावकाश, त्याला परत करायचे. त्याने जीभ बाहेर काढली तर आपणही काढायची. ओठांचा चंबू केला तर चंबू. ‘अं’ असा आवाज आला तर तोच आवाज जरा लांबवून, मग गप्प. ते गप्प राहणेच सर्वांत अवघड असते. नवजात बाळ मोठ्यांची नक्कल करते असे 1977 मध्ये मेल्टझॉफ आणि मूर यांनी मांडले आणि ते फार गाजले; 2016 मध्ये शंभरावर बाळांवर केलेल्या अभ्यासात मात्र तसा पुरावा मिळाला नाही, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या खेळापुरते बोलायचे तर त्या वादाने काही अडत नाही, कारण येथे नक्कल करायची आहे ती मोठ्या माणसाने.

आणि बाळाने तोंड फिरवले की हात स्थिर, चेहरा जागेवर, आवाज बंद. मनात वीसपर्यंत मोजायचे. परत आले तर हसून स्वागत करायचे. नाही आले आणि जांभई, उचकी, फाकलेली बोटे दिसू लागली, तर खेळ संपला असे समजून त्याला खांद्यावर घ्यायचे.

येथे आईने एक रास्त शंका काढली. गप्प, स्थिर चेहरा बाळाला वाईट वाटायला लावतो, असे तिने ऐकले होते. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा तो संदर्भ होता. त्यात आई नीट खेळता खेळता अचानक चेहरा निर्विकार करते आणि बाळ तिच्याकडे बघत असतानाही काहीच प्रतिसाद देत नाही. बाळ तिला परत आणण्याची धडपड करते आणि अखेर खचून नजर वळवते. फरक इतकाच, पण फार मोठा, आहे: त्या प्रयोगात बाळ हाक मारते आणि आई येत नाही, येथे बाळ क्षणभर बाजूला झाले आहे आणि आई त्याची वाट पाहत बसली आहे. वाट पाहणाऱ्या चेहऱ्यावर हसू असू शकते, असावेच. ट्रॉनिक यांचेच पुढचे एक निरीक्षण तिला जास्त दिलासा देऊन गेले: सुदृढ आईबाळांच्या जोड्याही एकमेकांशी पूर्ण जुळलेल्या असतात त्या एकूण वेळाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात, उरलेल्या वेळात चुकामूक आणि पुन्हा जुळणे चालू असते.

माझी चूक

दुसऱ्या भेटीत मी दोन गोष्टी बिघडवल्या, त्या नोंदवणे आवश्यक आहे. या वयाच्या बाळांना ठळक काळे-पांढरे आकार चांगले दिसतात म्हणून मी आईला कागदावर जाड पट्टे काढून एक चित्र करायला सांगितले. दोनच दिवसांत तो कागद खुळखुळ्याच्या जागी आला. बाळ जिकडे वळेल तिकडे कागद. दुसरे म्हणजे, रोज किती वेळा नजरानजर झाली याची नोंद ठेवायला सांगितले. तिने ती इतक्या निगुतीने ठेवली, वेळ आणि सेकंदांसकट, की खेळ म्हणजे पुन्हा परीक्षा झाली. मंगळवारी 11 आणि बुधवारी 6 असे आकडे दाखवताना तिचा चेहरा गुण कमी पडलेल्या विद्यार्थिनीसारखा झाला होता. वही मी परत घेतली, कागद पाळण्यापासून दूर भिंतीला चिकटवून टाकला. भिंतीवरचा कागद बाळाच्या मागे धावत नाही, आणि विसाव्यासाठी बाळाला बघायला तो चांगलाच उपयोगी पडला.

तिच्या मनःस्थितीकडे मी पहिल्या भेटीतच अधिक लक्ष द्यायला हवे होते. दुसऱ्या भेटीत एडिनबर्ग प्रसूतिपश्चात नैराश्य मापनश्रेणीची प्रश्नावली तिच्याकडून भरून घेतली. 1987 मध्ये तयार झालेली ही दहा प्रश्नांची चाळणी आहे. कमाल गुण 30 असतात आणि तिने निदान होत नाही, पुढे तपासणी हवी की नको एवढेच कळते. तिचे 14 गुण आले. तिला लगेच डॉक्टरांकडे पाठवले. तिथे तिचे समुपदेशन सुरू झाले आणि रात्रीचे एक दूध वाटीने पाजण्याचे काम बाळाच्या वडिलांकडे देऊन तिला सलग पाच तास झोप मिळेल अशी व्यवस्था झाली. खेळाने नैराश्य बरे होते असा या प्रकरणाचा अर्थ कोणी काढू नये.

तिसरी भेट

बाळाचे सुधारित वय आता आठ आठवडे होते. आई भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांड्यांच्या उतारावर. बाळ तिच्या डोळ्यांकडे बघत होते; पूर्वीसारखे केसांच्या रेषेकडे नव्हे. त्याने खालचा ओठ पुढे काढला. तिनेही काढला. मग त्याने मान वळवली आणि ते पडद्याच्या कडेवर पडलेल्या उजेडाकडे बघू लागले. आईचा अंगठा त्याच्या तळहातात होता. तो तिने हलवला नाही. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि ती मोजत असल्याचे तिच्या हनुवटीच्या बारीक हालचालीवरून मला दिसत होते. बरेच मोजून झाले असावे. बाळाने एक लांब श्वास सोडला, मान परत फिरवली, तिला शोधल्यासारखे पाहिले, भुवया वर गेल्या, तोंड गोल झाले आणि ‘अं-ग’ असा आवाज आला. तिने तोच आवाज परत केला. मग बाळाचा सगळा चेहराच पसरला, गालांसकट. हसणे होते ते. आई माझ्याकडे बघायला वळली नाही; तिची नजर बाळावरच राहिली.

बाबांचा वाटा

वडील संध्याकाळी घरी येत आणि त्यांच्या वाट्याला नेमके रडके बाळ येई. संध्याकाळचे रडणे सहा आठवड्यांच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि मुदतीआधीच्या बाळांत तेही सुधारित वयानेच मोजावे लागते, हे कळल्यावर त्यांचा निम्मा अपराधभाव गेला. त्या वेळी समोरासमोरचा खेळ नकोच होता. बाळाला छातीशी धरून चालणे एवढेच त्यांना सांगितले. बाळ घेऊन बसण्यापेक्षा चालल्याने बाळाचे रडणे आणि हृदयाचे ठोके दोन्ही उतरतात, असे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. बाळ कितीही रडले तरी त्याला हिसका द्यायचा नाही किंवा गदागदा हलवायचे नाही, आणि आपला संयम सुटतोय असे वाटले तर त्याला पाळण्यात उताणे ठेवून दोन मिनिटे बाहेर जायचे, हेही त्यांना ठणकावून सांगितले.

सकाळी मात्र त्यांनी स्वतःचा एक खेळ शोधला. आरामखुर्चीत अर्धवट रेलून ते बाळाला उघड्या छातीवर पालथे घेत आणि हळू आवाजात गुणगुणत. छातीतली थरथर जाणवली की बाळ डोके उचलून त्यांच्या हनुवटीकडे बघायचा प्रयत्न करी, दमून गाल टेकवी, पुन्हा उचली. जागे असताना बाळाला असे पोटावर ठेवल्याने मान आणि खांदे बळकट होतात; जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार, अजून सरकू-रांगू न लागलेल्या बाळांना दिवसभरात थोडे थोडे करून किमान 30 मिनिटे तरी असे ठेवावे. एक-दोन मिनिटांपासून सुरुवात केली तरी चालते. एकच पथ्य कटाक्षाने पाळायचे: बाळ किंवा बाबा यांपैकी कोणाचाही डोळा लागू लागला, की बाळाला लगेच त्याच्या बिछान्यात पाठीवर ठेवायचे.

पुढे

सुधारित तीन महिन्यांपर्यंत बाळ हसत नसते, चेहऱ्याकडे बघत नसते किंवा हलत्या वस्तूमागे नजर फिरवत नसते, तर मी या सगळ्यावर थांबले नसते आणि त्याला पुन्हा डॉक्टरांकडे पाठवले असते. तशी वेळ आली नाही. सुधारित वयाच्या दहाव्या आठवड्यात ते हुंकार देत ‘गप्पा’ मारू लागले. तिसऱ्या महिन्यात मान धरू लागले. आईची प्रश्नावली पुन्हा भरून घेतली तेव्हा 6 गुण आले. सगळेच सुरळीत झाले असे नाही. पाहुण्यांची गर्दी झाली की बाळ अजूनही लवकर थकते आणि त्या रात्री झोपेचे खोबरे होते.

शेवटची भेट सुधारित चार महिन्यांना झाली. बाळ सतरंजीवर पालथे होते, हातांवर रेलून. दिवे लागणारे ते खेळणे कपाटातून बाहेर आले होते. त्याच्या बॅटऱ्या आईने काढून टाकल्या होत्या आणि बाळ ते नुसतेच चाटत होते. मी समोर बसून त्याला हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिले, जरा हसले आणि तोंड फिरवले. सवयीने माझा हात जवळच्या खुळखुळ्याकडे गेला.

“ताई, थांबा जरा,” आई म्हणाली. “येतो परत.”